माझा घसा आणि आमची गच्ची

तीर्थरूप दादा,

सप्तांग नमस्कार. (आठवे अंग म्हणजे वाचा; घसा बसल्यापासून ती रजेवर आहे.) तुमची कंबर कशी आहे? वहिनींना सांगा, इकडे सर्व खुशाल, आणि घरात विलक्षण शांतता.

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी तुम्हाला आठवतील. गच्ची थेट त्यांच्या डोक्यावर. या उन्हाळ्यात त्या मशीनवरच दोनदा भोवळ येऊन पडल्या. गच्चीला ऊन परतवणारा तो नवा पांढरा रंग दिला नाही, तर खोली सोडणार होत्या. मी पेटलो! इमारतीच्या सभेत पावणेदोन तास बोललो. वितळत्या हिमनद्या, चढते समुद्र, करपलेली जंगले, काही म्हणून सोडले नाही. माणसे सुन्न झाली. मला वाटले, जिंकलो. तेवढ्यात अध्यक्ष उसासा टाकून म्हणाले, "सगळं जगच चाललंय म्हणता, मग गच्ची रंगवून काय करायचं, भाऊ?" ठराव पडला. पुढल्या सभेत मी संकटे वाढवली. विरोधी मतेही वाढली. (माणसाला फार घाबरवले की तो डोळेच मिटून घेतो, हे मी तीन जाड ग्रंथांत वाचले होते. वाचले होते, दादा!)

तिसऱ्या सभेचा सराव गॅलरीत करताना घसा बसला. मावशी बघायला आल्या. "बरं झालं बाई!" म्हणाल्या, "आता सभा माझ्या खोलीत घेऊ. दुपारी दोनला."

घेतली. अकरा माणसे आणि गरम हवा फेकणारा एक पंखा. मी कोपऱ्यात मुका. मावशी शर्टाला काजे करत बसलेल्या. चौथ्या मिनिटाला अध्यक्षांचा चष्मा घामाने नाकावरून घसरला.

"रोज असंच असतं?"

"छे, आज जरा बरं आहे," मावशी म्हणाल्या.

सहाव्या मिनिटाला ठराव एकमताने मंजूर. परवा रंग लागला. आज मावशी दुपारी चक्क घोरत होत्या. ते ऐकून इतके हलके वाटले, की मी जिन्यातच बसून रडून घेतले.

तुमचा,
धाकटा

ता. क. घसा गुरुवारीच मोकळा झाला होता. सभा रविवारी होती. जिभेवर अख्खे भाषण घेऊन त्या खोलीत गप्प बसणे, याहून अवघड काम मी जन्मात केलेले नाही.

आणखी एक ता. क. शेजारच्या इमारतीनेही सभेला बोलावले आहे. तिथेही वर कुणीतरी भाजते आहे. तुम्ही घशाचे डॉक्टर. 'बोलण्यास सक्त मनाई' असे प्रमाणपत्र उलट टपाली पाठवा. शिक्का ठळक मारा. माझा माझ्यावर भरवसा नाही.