तारेआतलं गवत

९ मे
हरणी गायीला आज उठवायला आम्ही तिघं लागलो. वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन जबडा वाकडा, पोट दगडासारखं. अब्बा म्हणाले, "चार घास खरं गवत मिळालं तर जगेल." माझ्याकडे बघितलं नाही — म्हणूनच कळलं.

गवत आहे ते फक्त तारेच्या आत. दोन वर्षांपूर्वी तिथली बाभूळ मुळासकट काढून गावानं गवत पेरलं. तीन वर्षं जनावर आत सोडायचं नाही, असं सभेत ठरलं. फाटकाची किल्ली आणि गवत-रोपांच्या मोजणीची वही माझ्याकडे. घरात लिहिता येणारी मी पहिली ना.

११ मे
सोडलं हरणीला आत. एकच सकाळ. अम्मानं माहेराहून आणलेल्या गायींतली ही शेवटची. मी फाटकाशीच उभी होते. शेण उचलायला हवं होतं, त्यात बाभळीचं बी असतं — पण कुणाची तरी चाहूल लागली, घाईनं तिला बाहेर काढलं.

२ जून
हरणी गेली.

१९ जुलै
पावसानंतरची मोजणी. गवत गुडघाभर आहे तिथं बाभळीचं एकही रोप नाही. गावातले म्हातारे सुमारचाचा सांगतात तसंच — "तार गवताला राखते, गवत रानाला राखतं." हरणी चरली तिथं गवत बोटभर. तिच्या शेणातून एकसष्ट रोपं.

उत्तरेच्या कोपऱ्यातही अठ्ठेचाळीस. हरणी तिकडं गेली होती? इतकी ताकद होती तिच्यात? गेलीच असेल.

२१ जुलै
शुक्रवारी सभा. तारेआतला तुकडा टिकला असेल तर गावाचं सगळं रान असंच करायचं. नाहीतर ते बाभळीचा कोळसा पाडणाऱ्यांना द्यायचं, म्हणजे बाभळीलाच.

अब्बा म्हणतात, "ऊन फार होतं, गवत जळालं म्हण. बापाची मान खाली घालायला शाळेत घातलं का तुला?"

वहीत शून्य लिहिलं. खोडलं. एकसष्ट लिहिलं.

२४ जुलै
सभेत सांगितलं. फाटक मी उघडलं, हरणीसाठी.

कुणी रागावलं नाही. मग सुमारचाचा म्हणाले, "उत्तरेची तार मी वाकवली, पोरी. माझ्या लाखीसाठी."

मागून कुणी म्हणालं, "माझी भूरी."

मी वहीत लिहीत गेले. अकरा नावं. प्रत्येकाची एकच गाय.