अंगात आलं नव्हतं

पाबळ

अहो,

वाकून नमस्कार लिहीत न्हाई. वाकलं की अजून तोल जातो. चक्कर थांबावी म्हणून कानाचं ऑपरेशन केलं, तवापासून भिंत धरून चालते. तुम्ही म्हणालात, "ऑपरेशन झालंय, आता सोंगं बंद कर," आन् कोरेगावला कंपनीत निघून गेलात.

मंगळवारी आपल्या भांडगावच्या देवळात आरतीला डोळे मिटले आन् तोल जाऊन मी डुलायला लागले. बायका ओरडल्या, "देवी आली!" सोंग करणारीला बसायला पाट मिळाला. तुमच्या आईनं माझ्या पायावर डोकं ठेवून विचारलं, "आई, ह्या रोगट बाईपासून माझा लेक कवा सुटंल?"

मी म्हणाले, "आजच." आन् माहेरी आले.

हे पत्र धाडत न्हाई. देवीचा शब्द तुमची आई कळवीलच.

सुलक्षणा