ठासणीच्या बंदुकीची आणि एका प्रशस्तिपत्राची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, सैन्याच्या शस्त्रागारातून बंदूक-दुरुस्ती कारागीर म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने करत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला आणि मी सांगितल्यावर स्वतः कॅलेंडरकडे पाहून खात्री करून घेतली. तेव्हा दोघांपैकी कोणाची बुद्धी अधिक शाबूत, हा वाद वारसांनी काढू नये. याआधीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती दोन्ही मी जावयावर चिडलेलो असताना केली होती. हे तिसरे शांतपणे करत आहे, जावई तोच असला तरी.

१. राहते घर, म्हणजे पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर व माळा, माझ्या एकुलत्या एका लेकीस मिळावे. जिन्याची तिसरी पायरी सैल आहे. जावई गेली अकरा वर्षे ती ‘येत्या रविवारी’ बसवणार आहेत. पायरी त्यांच्याच नावे करावी असे मनात होते, पण वकीलबाई म्हणाल्या, एकट्या पायरीची नोंद होत नाही.

२. बँकेत जे काही असेल ते लेकीचेच.

३. माझी हत्यारे, म्हणजे कानशी, पेचकस, नळ्या साफ करायचे गज व तेलाच्या कुप्या, कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्यास द्यावीत. तो उसनी नेलेली वस्तू पुसून परत आणतो. जावयांनी माझ्या सर्वांत बारीक कानशीने खिडकीचा गंज खरवडला होता. यापेक्षा अधिक मी लिहीत नाही. शांतपणे करत आहे, असे वर कबूल केले आहे.

४. पुढच्या खोलीतल्या खुर्च्या. गेली वीस वर्षे दर रविवारी सकाळी या खोलीत निवृत्त सैनिकांची बैठक भरते. आधी प्रत्येक जण आपण कोठे, कोणत्या पलटणीत होतो ते सांगतो (सगळ्यांना सगळे पाठ आहे), आणि मग जुन्या बंदुकांचा विषय निघतो. ‘मेजर’ हे मेजर कधीच नव्हते. ते गणवेशांच्या कोठारात कारकून होते आणि युद्धात त्यांनी जवळून पाहिलेला सर्वांत मोठा गोळा लोकरीचा होता. ‘दर्यावर्दी’ नौदलात होते खरे, पण किनाऱ्यावरच्या धुलाईखान्यात. बोट लागते म्हणून त्यांना समुद्रावर पाठवलेच नाही. तरीही एक सांगितले पाहिजे. जुन्या बंदुकीचा दस्ता हातात आला की मेजरांचा आवाज आपोआप खाली येतो. ते प्रेम खोटे नाही. बाकी सगळे आहे. खुर्च्या बैठकीस द्याव्यात, हातांची खुर्ची मेजरांस. नाहीतर ते ती घेणारच आहेत.

५. माझी ठासणीची बंदूक. आजोबांची, लांब नळीची, अक्रोडाच्या दस्त्याची. परवाना माझ्या नावे आहे. ही मी याच मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात ‘आचारी’ या गृहस्थास लिहिली होती. का लिहिली आणि का खोडली, हे वारसांना कळणे जरूर आहे.

आचारी व मी डोंगरातल्या एकाच चौकीवर होतो. तो भटारखान्यात, मी बंदुकांच्या मेजावर. एके दिवशी सकाळी चौकीवरचे बहुतेक जवान गस्तीवर गेले असता हल्ला झाला. दारातला पहारेकरी जखमी होऊन पडला. माझ्यासमोर मेजावर एक रायफल होती, पण ती सुटी करून मांडलेली. असली रायफल मी डोळे मिटून जोडत असे. त्या दिवशी डोळे सताड उघडे होते आणि बोल्ट काही केल्या जागेवर बसेना. मी मेजाखाली बसलो. बसलो म्हणजे लपलो.

आचारी आत आला. हात कोपरापर्यंत पिठाने बरबटलेले. म्हणाला, “सरका जरा.” रायफल जोडली आणि दाराशी आडवा पडून गस्त परत येईपर्यंत त्याने ते दार रोखून धरले. मग रायफल माझ्या हातात दिली. म्हणाला, “धरा. पहारेकऱ्याला पाणी पाजायचंय, आणि चुलीवर भांडं तसंच आहे.”

अधिकारी आले तेव्हा रायफल माझ्या हातात होती आणि आचारी भांडे ढवळत होता. त्यांनी जे पाहिले ते लिहिले. मी ‘नाही’ म्हणालो नाही. प्रशस्तिपत्र माझ्या नावाने आले. बोल्टमध्ये वाळलेले पीठ मात्र मी दोन दिवस सुईने काढत होतो.

पुढे आचारी निवृत्त होऊन दोन गल्ल्या सोडून राहायला आला. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी बैठकीस आला. बरोबर कापडात गुंडाळलेला बापाच्या वेळचा, बंदुकीची दारू ठेवायचा बारुददान होता, शिंगाचा, सुरेख. दाखवायला आणला होता. मेजर म्हणाले, “अहो, इथं बंदूकवाले बसतात. झारेवाले नाहीत.” सगळे हसले. मीही हसलो. भिंतीवरच्या त्या प्रशस्तिपत्राखाली बसून हसलो. आचाऱ्याने बारुददान पुन्हा कापडात गुंडाळला, चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला आणि गेला.

मी संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. म्हणालो, “चुकलं माझं.”

“कुठलं?” त्याने विचारले.

याचे उत्तर मला सहा वर्षे देता आले नाही. म्हणून वरील बंदूक, खऱ्या हकिकतीसह, त्यास मरणोत्तर लिहिली. मरणोत्तर म्हणजे मी मेल्यावर. माझी हिंमत तेवढीच होती. मसुदा घेऊन मी त्याला दाखवायला गेलो. त्याने चष्मा लावून सगळा वाचला, दोनदा.

“म्हणजे तुम्ही गेल्यावर हे वाचणार. मग मेजर मला विचारणार, मी काय सांगू? खरं सांगायला तुम्ही नसाल. पुन्हा मेजाखालीच की!”

“मग काय करू?”

“रविवारी वाचा.”

गेल्या रविवारी वाचला. आचारी दारात उभा होता. बस म्हटले तरी बसला नाही. वाचून झाल्यावर दर्यावर्दी खिडकीबाहेर पाहू लागले. मेजर लाल झाले.

“म्हणजे वीस वर्षं तूही आमच्यासारखाच थापा मारत होतास?”

“हो,” मी म्हणालो. “माझी थाप फक्त फ्रेममध्ये होती.”

लेक चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला. “बाबा, वसतिगृहात मला जागा भिंतीवरच्या या कागदावर मिळाली होती ना?”

“हो.”

ती आचाऱ्याकडे वळली. “काका, तुम्हाला हे माहीत होतं?”

“माहीत होतं म्हणून तर बोललो नाही,” तो म्हणाला. “पोरगी शिकत होती. नंतर बोलायची सवय राहिली नाही.”

लेकीने प्रशस्तिपत्र उतरवले. माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही, आणि तिचे बरोबर होते. मेजर उठून गेले, पण काल, या रविवारी, परत आले. पलटणीचे नाव सांगायची वेळ आली तेव्हा खोकले आणि म्हणाले, “मी… कोठारात होतो. स्वेटर.” त्यानंतर तासभर आचाऱ्याच्या बारुददानावरून त्यांचा हात निघत नव्हता.

६. सबब कलम पाचची हकिकत मी हयातीतच जाहीर केली आहे. बंदुकीची व्यवस्था आज, सह्यांच्या वेळी, पुढीलप्रमाणे बदलली. दुसरा साक्षीदार म्हणून मी आचाऱ्याचे नाव सुचवले. वकीलबाई म्हणाल्या, “चालणार नाही. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नाही. एक काहीतरी ठरवा, बंदूक की सही.”

आचाऱ्याने बंदूक उचलली, नळी उजेडाकडे धरून पाहिली, दस्त्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि ती माझ्या लेकीच्या हातात दिली.

“पेन द्या,” तो म्हणाला. “साक्षीदार मी तेव्हापासूनच आहे.”

बंदूक लेकीस, परवाना काढून. जावयांनी हात लावू नये.

ठिकाण : माझी पुढची खोली
दिनांक : १४ ऑक्टोबर, सोमवार (डॉक्टरांनी कॅलेंडर पाहिले आहे)

मृत्युपत्र करणार : (सही) निवृत्त बंदूक-कारागीर

आमच्यासमोर वाचून, समजून सही केली :
साक्षीदार १ : (सही) डॉक्टर
साक्षीदार २ : (सही) आचारी, डोंगरातली चौकी