तिकडचं पुराण

४ मार्च

पोचले! घर एवढंसं कसं झालं? परदेशात दादाकडे तीन महिने राहून माझे डोळेच बिघडले बहुतेक. तिकडे त्याचं नुसतं न्हाणीघर आम्हा दोघींच्या शिवणाच्या खोलीएवढं. ताईला हे दारातच सांगितलं. म्हणाली, "आधी चपला तरी काढ."

५ मार्च

झोपेचा पार बोजवारा. सकाळी मशीनवरच पेंगले आणि डॉक्टरीणबाईंच्या कोटाची बाही उलटी जोडली. ताईनं काही न बोलता उसवली. तिचं हे न बोलता उसवणं — त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या!

मग सगळं सांगत बसले. विमान, बर्फ, दादाच्या घरात आपलंआपण फिरून केर काढणारं ते यंत्र. वहिनी त्याला बाळ्या म्हणते. ताई काजं करत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "बरं का, मला तुला एक—" पण तेवढ्यात मला सरकता जिना आठवला. त्यावर माझी कशी त्रेधा उडाली ते राहिलंच होतं!

७ मार्च

फजिती. बँकेच्या दारासमोर उभी राहिले — आपोआप उघडेल म्हणून. बराच वेळ. शेवटी मागच्या आजोबांनी काठीनं दार ढकललं. "बाई, याला हात लावावा लागतो."

रस्त्यातही तोच घोळ. ताईला म्हटलं, "तिकडे आपण पाय टाकला की गाडी थांबते."

"इकडे पाय जातो," म्हणाली आणि दंडाला धरून पलीकडे घेऊन गेली. लहानपणी न्यायची तशी.

१० मार्च

शिवणाच्या खोलीत बरेच फेरफार झालेत. माझं मशीन खिडकीशी. नवा दिवा, उजेड नेमका सुईवर. दोऱ्यांना भिंतीवर फळी.

"कुणी केलं?"

"समोरच्या चष्मेवाल्यांनी."

भला माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, दुकानात एकटेच भिंगं पुसत बसलेले असतात. पण फळी जराशी तिरकी आहे. तिकडे फळ्या कशा सरळ असतात ते ताईला समजावून सांगितलं. तर राग आला! ताईला! फळीवरून!

११ मार्च

ताई अबोल.

१३ मार्च

घरात नवा नियम — 'तिकडे' म्हणायचं नाही. म्हटलं तर भांडी आपली. कालची भांडी माझी. आजचीही माझी.

दुपारी चष्मेवाले आले. फळी सरळ करायला! ताईनं चुगली केली वाटतं. "अहो, राहू द्या ते, चहा निवेल," म्हणाली. साखर किती, हे विचारलंसुद्धा नाही. मी त्यांना तिकडच्या चष्म्यांची माहिती देत होते. तेही अगदी मन लावून ऐकत होते — ताईकडे बघत.

१५ मार्च

खरं लिहायचं तर तिकडे मला मुळीच करमलं नाही. (इथे लिहिलेलं धरायचं नाही. भांडी घासणार नाही!) दादा कामावर, वहिनी कामावर, घरात मी आणि बाळ्या. तोसुद्धा पायाला धडकला की तोंड फिरवून जायचा. ताईला ही बाजू सांगितलीच नव्हती. तोरा मिरवायचा होता ना!

आज सांगून टाकलं. "ताई, तुझी फार आठवण यायची गं. एकटं राहणं मला जमायचंच नाही."

वाटलं, हसेल. ती हातातली कात्री ठेवून उठली आणि आत गेली. आली ती रडून डोळे लाल करून. आता माझं काय चुकलं?

१७ मार्च

ताई लग्न करतेय. चष्मेवाल्यांशी! साठीला टेकलेली माझी ताई!

"कधी सांगणार होतीस?"

"रोजच. तू श्वास घ्यायला थांबली असतीस तर." मग हळूच म्हणाली, "परवा तू तसं बोललीस, तेव्हा मोडूनच टाकणार होते. हेच म्हणाले, आधी तिला विचार."

'हे' म्हणे!

खूप रडले. मग नाक पुसलं, टेप काढली, तिला उभं केलं. लग्नाचे कपडे दुसऱ्या कुणाला शिवू देते की काय! कंबर दीड इंच वाढलीय. सुख मानवलंय बयेला.