घर यादोरावांना, आणि रडायची मोकळीक

मी, धुरपता यादोराव मेश्राम, वय चौसष्ट, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार लाखांदूर, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. बीपीची गोळी सोडली तर तब्येत बरी आहे.

१. लाखांदूरचे दोन खोल्यांचे घर माझ्या नावे आहे. माझ्यामागे त्यात माझे पती यादोराव तहहयात राहतील. मुलगा अंकुश त्यांना नागपूरला चला म्हणेल, प्रेमानेच म्हणेल. पण त्यांची इच्छा असेल तरच न्यावे. त्यांच्यानंतर घर अंकुश व सून हर्षा, दोघांच्या नावे व्हावे. शिलाई मशीन एकट्या हर्षाचे.

२. आमचे पहिले बाळ, मुलगी, महिन्याची होऊन तापाने गेली. तेव्हा माझे दीर मारोतराव यादोरावांना म्हणाले, "रडतोस काहून? बाई हायेस का?" यादोराव उठले आणि धानाच्या रोवणीला गेले. घरात पुन्हा रडले नाहीत. या माणसाला काहीच वाटत नाही, असे मी कित्येक वर्षे समजत होते. पुढे भंडाऱ्याला माझे गर्भपिशवीचे ऑपरेशन झाले. खाटेशेजारी बसल्या बसल्या ते म्हणाले, "मी धानाच्या बांधीत जाऊन रडत होतो. घरी रडलो असतो त तुले कोनं सांभारलं असतं?"

मी म्हटले, "दोघं संगच रडलो असतो."

तेव्हापासून ते बोलू लागले. भाजी चिरता चिरता भीती, लाज, सगळे सांगतात, माझेही ऐकतात. उशिरा का होईना, हे सुख मला मिळाले. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मी गेल्यावर ते रडले तर कोणी गप्प करू नये.

३. मारोतरावांना मी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला पोटभर जेवू घालावे. यादोरावांच्या शेजारी मात्र बसवू नये.

४. अंकुश, बाबा गप्प दिसले की तू हर्षाला म्हणतोस, "जा, बाबाले विचार." यापुढे तू स्वतः जवळ बसून विचारायचे. ते काम मी हर्षाला वारशात देत नाही.

५. हा मजकूर यादोरावांना वाचून दाखवला.

"हे सगरं वकिलाले दाखवशीन?"

"हो."

यादोराव म्हणाले, "मंग पोरीचं नाव लिव्ह. कोनत्याच कागदावर नाही ते."

म्हणून नोंदवते: आम्हाला अपत्ये दोन. थोरली रीना, धाकटा अंकुश.

सही: धुरपता यादोराव मेश्राम

साक्षीदार, माझ्या समक्ष सही करणारे:
१. सुलोचनाबाई खोब्रागडे
२. पुंडलिकराव नाकाडे

लाखांदूर, ८ डिसेंबर २०२४