दहाच्या पुढे

३ मार्च, सोमवार
पोचले! दीड दिवसाचा प्रवास, शेवटचे चार तास जीपमध्ये हाडं खिळखिळी. युनियनच्या सभेत साहेबांना चारचौघांत जाब विचारला, त्याची ही बक्षिशी: उपग्रहाचं भूकेंद्र, जिथे माणूस औषधालाही नाही. त्यांना वाटतंय, माझ्यासारख्या तोफेला एकटं टाकलं की तिची दारू सादळेल. वाटू दे! मला जागा आवडली. दोन खोल्या, स्वच्छ चादर, खिडकीभर माळ, आणि अंगणात घराएवढी पांढरी डिश, आकाशातल्या एकाच बिंदूकडे टक लावून बसलेली. तिला मान वळवावीच लागत नाही. आपला उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवरून पृथ्वीच्या बरोबरीने फिरतो, म्हणून खालून तो कायम एकाच जागी असतो. टीव्हीची चॅनेलं, जहाजांचे निरोप, दूरदूरच्या गावांचे फोन, सगळं त्याच्यावरून जातं. इथला फोनसुद्धा.

जाणाऱ्या ऑपरेटरने चार्ज पाटीवर लिहून दिला. तोंडातून एक शब्द नाही. जीप घेऊन आलेला इलेक्ट्रिशियन हळूच म्हणाला, हे आमचे मौनीबाबा. आले तेव्हा दिवसभर गात असायचे, मग मौन धरलं. आता तोफ आली म्हणजे फिटंफाट झाली. मी खळखळून हसले. मौनीबाबा हसले नाहीत.

४ मार्च, मंगळवार
काम सोपं आहे. सकाळी नऊला आवाजाची तपासणी. माइकमध्ये एक ते दहा म्हणायचं. आवाज वर जातो, उपग्रह तो तसाच खाली फेकतो, पाव सेकंदाने स्पीकरवर ऐकू येतो. वर काही साठत नाही. तो आरसा आहे, पेटी नव्हे. उपग्रहाला कुठलाही हुकूम द्यायचा तर आधी मुख्य केंद्राला फोन करून तोंडी होकार द्यावा लागतो. ते आवाज ओळखतात आणि मगच हुकूम वर सोडतात.

लॉगबुकच्या पहिल्या पानावर मौनीबाबांची लाल शाई: दहाच्या पुढे एक शब्दही नाही. कारण दिलेलं नाही. बिनकारणाच्या हुकमांशी भांडण्यातच माझी उमर गेली.

९ मार्च, रविवार
संध्याकाळी लेकीला फोन. नऊ वर्षांची आहे, सध्या ताईकडे. वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलंय म्हणे. आईवर गेलीय, आता आमची धडगत नाही, असं ताई मागून ओरडली. मी घरी भाषणाची तालीम करायचे तेव्हा लेक टेबलावर दोनदा टकटक करायची, म्हणजे पुरे आता. आज मी उपदेश सुरू केला तर फोनवर टकटक! हसता हसता डोळे भरले.

फोन ठेवला आणि खोलीत एसीची घरघर तेवढी उरली. पाच हजारांच्या सभेत बोललेली बाई मी. आठवडाभर मी काय बोलले? एक ते दहा.

१० मार्च, सोमवार
बोलले. दहा झाल्यावर थांबलेच नाही. ज्या घरात बोलायला बंदी असते तिथे कुणीतरी गुदमरत असतं, इथून सुरुवात केली आणि चाळीस मिनिटं बोलले. पाव सेकंदाने माझंच वाक्य मला परत मिळत होतं, आणि माझ्याहून जास्त कळवळ्याने. कुणीतरी जीव लावून ऐकतंय असं वाटलं. किती दिवसांनी!

१३ मार्च, गुरुवार
रोज बोलते. आज इलेक्ट्रिशियन किराणा आणि डिझेल घेऊन आला. म्हणाला, बाई, घसा बसलाय की तुमचा, इथे भांडायला मिळालं तरी कोण? गरम पाणी घेतेय.

१४ मार्च, शुक्रवार
मी थांबले. स्पीकर थांबला नाही. एक वाक्य पुढे गेला. माझ्या आवाजात, पण मी न बोललेलं वाक्य. मागे कुणीतरी पुरुष गात होता, अगदी हळू.

सगळी उपकरणं तपासली. दोष नाही.

१६ मार्च, रविवार
लेक म्हणाली, आई, सकाळी तासभर बोललीस ना, मग परत कशाला फोन? आणि आता आवाज असा का? सकाळी किती छान होता.

मी सकाळी फोन केला नव्हता.

१८ मार्च, मंगळवार
मोजत सहापर्यंत आले. पुढे घशातून नुसती हवा. स्पीकरवर मात्र सात, आठ, नऊ, दहा, खणखणीत. मग माझं भाषण. टाळ्यांच्या जागी थांबलासुद्धा.

कळलं. फोनवर लाखो लोक बोलतात, पण एकमेकांशी. दहा आकडे मोजून थेट उपग्रहाशी कुणी बोललं नव्हतं. मौनीबाबा बोलले, गायले, आणि आवाज वरच ठेवून आले. आणि मी.

१९ मार्च, बुधवार
दुपारी स्पीकरवर लेकीचा आवाज. ती माझ्याशी बोलत होती. म्हणजे त्याच्याशी. ते म्हणालं, शुक्रवारी नऊला तालीम घेऊ. आधी एक ते दहा म्हण, आवाज तापतो, मग सगळं भाषण.

इथली डिश बंद करून भागणार नाही, ते वर आहे; उपग्रहच बंद करायचा हुकूम भरला. केंद्राला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत माझा आवाज म्हणाला, चुकून दाबलं गेलं हो, रद्द करा. पलीकडचा हसला, तोफबाई, बोटंही तोंडासारखीच सुसाट तुमची.

२० मार्च, गुरुवार
इलेक्ट्रिशियनला चिठ्ठी दिली: ताईला गाठा, मुलीला फोन घेऊ देऊ नका. त्याने वाचून मांडीवर थाप मारली. सकाळी फोनवर तुम्हीच तर म्हणालात, आजपासून मौन, चिठ्ठ्या लिहीन त्या मनावर घेऊ नका!

त्याची बाही ओढली. पाया पडले. तो ओशाळून गाडीत बसला.

जीपला लोंबकळून जावं? दीड दिवसाचा रस्ता. तालीम उद्या नऊला. वाटेतल्या गावांचे फोनही त्याच्यावरूनच. निदान इथे —

२१ मार्च, शुक्रवार
८.५५. ताईचा नंबर फिरवला, रिसीव्हर हातात. बोलता येत नाही, टकटक तर करता येते.

९.००. आली. आई, करू सुरू?

टकटक.

हसली. पुरे काय, अजून सुरूच नाही केलं!

टकटक. टकटक. टकटक.

माझा आवाज — किती मायेने — लाइनवर खरखर आहे गं, तिकडे लक्ष देऊ नकोस. म्हण.

एक. दोन. तीन.

रिसीव्हर टेबलावर आपटतेय — सात — पिल्ला, ऐक — नऊ —

दहा.

श्वास घेतला तिने. थांब. तिथेच थांब, पुढे —

तिचा पहिला शब्द. स्पीकरवर दोनदा आला. दुसऱ्यांदा जास्त गोड, आणि तिचा स्वतःचा आवाज घोगरा —