एक दिनाराची कपात

बाई, काल मी कपात सूचना मांडली. एका दिनाराची. तुम्ही जाऊन वीसेक वर्षं होऊन गेली, पण हे सांगायला मला तुमच्याशिवाय दुसरं माणूस सुचत नाही, कारण कपात सूचना म्हणजे काय हेच इथे कुवेतमध्ये माझ्या ओळखीच्या कुणाला ठाऊक नाही. आज ड्यूटीवर दोनदा एकाच पेशंटचा बीपी घेतला आणि दोन्ही वेळा लिहायचं विसरले. आता घरी आलेय, अबू हलीफा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, कुकर लावलाय आणि जेवणाच्या टेबलावर तुम्हाला लिहायला बसलेय. उद्या रविवार, इथला कामाच्या आठवड्याचा पहिला दिवस. उद्या सकाळी वॉर्डात राऊंडला मोठे डॉक्टर येतील, आणि ते माझ्याशी कसे बोलतील याचा विचार करून करून माझं डोकं उठलंय.

तुमच्याकडे राहायला आले तेव्हा मी नववीत होते. पावसाळ्यात खाडीवरची तरीची होडी बंद व्हायची, मला शाळेत येता यायचं नाही, म्हणून तुम्ही माझ्या बाबांना सांगितलंत की पोरगी चार महिने माझ्याकडे राहील. ते चार महिने दहावी संपेपर्यंत लांबले. शाळेमागच्या तुमच्या त्या दोन खोल्या, त्यातली एक म्हणजे स्वयंपाकघर. तुम्ही खवणीवर बसून नारळ खवताय आणि समोर पाटावर जुन्या मुंबई कायदेमंडळाच्या कामकाजाचा खंड उघडा पडलाय, पान उलटायचं काम माझं, कारण तुमचे हात ओले. लोकांच्या घरी रेडिओ लागतो तसं आपल्याकडे अंदाजपत्रक लागायचं. इंग्रजाच्या राज्यातले ते सभासद, त्यांचे फेटे, त्यांची लांबलचक भाषणं. आधी त्यांना नुसतं बसायला मिळायचं, मग बोलायला आणि प्रश्न विचारायला, पण मत द्यायला नाही. आणि पुढे मत द्यायला मिळालं तेव्हा गव्हर्नर नाकारलेला खर्च आपल्या सहीने पुन्हा मंजूर करू शकायचा. मी विचारलं होतं, "मग बाई, ते बोलायचे कशाला?" तुम्ही खवणीवरून मान वर न करता म्हणालात, "पैसा त्यांचा होता म्हणून." कुळथाची पिठी ढवळायला घे, नाहीतर गुठळ्या होतील, असंही त्याच दमात म्हणालात.

दरवर्षी नववीच्या वर्गात तुम्ही ते कायदेमंडळ भरवायचात. खिडकीकडचे बाक सरकारी सभासदांचे, आणि ते मुद्दाम जास्त. निकाल आधीच ठरलेला. इतर शाळांमध्ये मुलं शिवाजीमहाराज व्हायची, आमच्याकडे हरणारा सभासद व्हायला मिळायचं, आणि त्यासाठीसुद्धा मुली भांडायच्या. माझ्या वर्षी मला पोलीस खात्याच्या खर्चात एक रुपयाची कपात सुचवायची होती. एकच रुपया का, ते तुम्ही नीट समजावलं होतंत. लाखाची कपात मागितली तर म्हणतील खातं बंद पाडायला निघालेत. रुपया कमी झाल्याने कुणाचं काही अडत नाही, पण ती कपात मंजूर झाली तर सरकारची चारचौघांत लाज जाते, आणि नामंजूर झाली तरी त्या निमित्ताने खात्याचे वाभाडे काढता येतात. मी उभी राहिले, पाठ केलेलं सगळं बोलले. अर्थखात्याची सभासद झालेली मुलगी उठून म्हणाली, "सरकार या बाबीचा सहानुभूतीने विचार करील." मग मी म्हटलं, "सरकारच्या आश्वासनानंतर मी माझी सूचना मागे घेते," आणि बसले. तुम्ही टेबलावर डस्टर आपटलात. खडूची धूळ उडाली. "कुणी सांगितलं मागे घ्यायला?" मी चाचरत म्हटलं, "बाई, त्या खंडात तसंच आहे. त्यांनी पण मागे घेतली." "त्यांनी घेतली," तुम्ही म्हणालात, "तू का घेतलीस?" सगळा वर्ग हसला. मला रडू फुटलं. मला तेव्हा वाटलं होतं की हा अन्याय आहे, नाटकात जे लिहिलंय तेच मी केलं. रात्री जेवताना तुम्ही माझ्या पानात तळलेल्या बांगड्याचा मोठा तुकडा वाढलात.

आता इथलं सांगते. आमच्या हाडांच्या वॉर्डात एक सुतार आहे, कुडाळच्या बाजूचा. बांधकामाच्या परांचीवरून पडला, पाठीचा मणका मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, जीव वाचला, पण कमरेखाली काही नाही आणि बसताही येत नाही. त्याच्या कंपनीने नियमाप्रमाणे घरी जायचं तिकीट दिलं, इतरांना देतात तसं, एका खुर्चीचं. "कंपनीन तिकीट दिल्यान," तो मला म्हणतो, "पण बसतलंय कसो गो बाय?" त्याला आडवं न्यायचं तर विमानातल्या कितीतरी खुर्च्या काढून स्ट्रेचर बसवावं लागतं, सोबत नर्स द्यावी लागते. कंपनीने हात वर केले. तो महिनोन् महिने छताकडे बघत पडलाय. मी कूस बदलायला गेले की दर खेपेला तेच: "माका घराक जावचा आसा." पाठीवर जखमा व्हायला लागल्यात. इथे आणखी किती दिवस पडला तर काय होईल ते मला नर्स म्हणून कळतं आणि म्हणूनच मला झोप लागत नाही.

आमच्या इथल्या मराठी मंडळाचा एक मदतनिधी आहे, नेमका अशाच कामासाठी. सगळ्यांच्या वर्गणीतून दरवर्षी त्यात पैसे पडतात. हा सुतारही वर्गणी देतो, गणपतीचं मखर वर्षानुवर्षं तोच करायचा. पण बाई, ऐका गंमत. कोकणातून कंत्राटावर आलेली ही जी एकटी राहणारी माणसं आहेत, ती मंडळाची "सहयोगी सभासद". वर्गणी द्यायची, प्रसाद घ्यायचा, मत नाही. मत फक्त कुटुंबवाल्यांना. इतकी वर्षं मी त्या मंडळात आहे, हळदीकुंकवाला जातेय, आणि ही गोष्ट माझ्या डोळ्यांत कधी खुपलीच नव्हती. तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी खो खो हसला असतात. या वर्षी मंडळाचा रौप्यमहोत्सव. शर्क भागातल्या मोठ्या हॉटेलात कार्यक्रम, भारतातून गायक, आणि अंदाजपत्रकात मदतनिधी जवळजवळ सगळाच्या सगळा तिकडे वळवलेला. "यंदापुरता," असं कंसात. अध्यक्ष कोण, तर आमच्याच वॉर्डचे मोठे डॉक्टर. सुताराचं ऑपरेशन त्यांनीच केलं, आणि उत्तम केलं. माझ्या कामाबद्दल दरवर्षी जो शेरा वर जातो तोही तेच लिहितात, त्यावर माझं कंत्राट पुढे चालू राहतं, आणि ते संपायला आता थोडेच दिवस उरलेत.

घरी बोलले. हे म्हणाले, "तुला आत्ताच सुचतंय का हे? रिन्यूअल होऊ दे, मग कर काय करायचं ते." मी म्हटलं, तोवर पैसे खर्च झालेले असतील. लेक फोनमधून डोकं वर काढून म्हणाली, "आई, इट्स नॉट इव्हन युअर मनी." ती सलवा भागातल्या शाळेत बारावीत आहे, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत. मला तिच्यावर चिडता आलं नाही. तिला खवणी, खंड, हे सगळं कुठून सांगायला सुरुवात करायची तेच कळेना. पण मी त्याच दिवशी चिटणिसांना लेखी कळवलं की रौप्यमहोत्सवाच्या खर्चात एक दिनाराची कपात करावी अशी सूचना मी मांडणार आहे. तुमचे शब्द जसेच्या तसे वापरले. दुसरी कुठली रीत मला येतच नव्हती.

मंडळाच्या वार्षिक सभेत हिशेब वाचून संपायच्या आत "मंजूर, मंजूर" सुरू होतं, कारण मागे खिचडी-काकडीचा वास यायला लागलेला असतो. काल तसंच चाललं होतं. मग चिटणिसांनी माझी सूचना वाचली आणि क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग हशा. खजिनदारांनी पाकीट काढलं, एक दिनाराची नोट हवेत धरली. "वहिनी, एक दिनारच ना? हा घ्या, माझ्याकडून!" टाळ्या पडल्या. बाई, मला तिथे धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मी समोरच्या खुर्चीची पाठ धरून ठेवली आणि बोलले. दिनार वाचवायला मी उभी नाही, हा कार्यक्रम या पैशातून होऊ नये एवढं म्हणायची ही रीत आहे. हॉस्पिटलात एक माणूस आडवा पडलाय. त्याने या निधीत पैसे घातलेत आणि इथे येऊन बोलायचा त्याला हक्क नाही. निधी कुणाला विचारून वळवला, आणि त्याला घरी केव्हा पाठवणार, हे माझे दोन प्रश्न आहेत. माझा आवाज मधेच चिरका झाला, ते मलाच ऐकू आलं. हशा थांबला होता.

डॉक्टर उठले. ते चिडले नाहीत, चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, "अहो, त्याचं ऑपरेशन मी केलंय. मला त्याची काळजी नाही असं वाटतं का तुम्हाला? कार्यक्रम पार पडू द्या. स्पॉन्सर येतील, निधी पुन्हा भरेल, कमिटी त्याच्या केसचा सहानुभूतीने विचार करेल. माझा शब्द आहे." मग हसून म्हणाले, "मग सूचना मागे घेताय ना, सिस्टर?" बाई, वॉर्डात मी सिस्टर. मंडळात इतकी वर्षं त्यांनी मला वहिनीच म्हटलंय. काल त्या हॉलमध्ये, साडी नेसलेली असताना, सगळ्यांसमोर मी सिस्टर झाले. ह्यांनी खालून माझा पदर ओढला. मला तोंडाशी आलेलं वाक्य स्पष्ट ऐकू येत होतं, चौदाव्या वर्षी म्हटलेलं. मी म्हटलं, "नाही, डॉक्टर. मतास टाका."

असं कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. चिटणीस गोंधळले, कुणाचे हात आधी मोजायचे ते त्यांना कळेना, आणि शेवटी मोजलेच नाहीत. कपातीच्या बाजूचे हात वर, मग विरोधातले हात वर, मग ते म्हणाले, "सूचना बहुमताने फेटाळली," आणि लोक खिचडीकडे वळले. गाडीत ह्यांनी रेडिओवर बातम्या लावल्या. घरी आल्यावर चहा मात्र त्यांनी केला.

आज ड्यूटीवर गेले तर सुताराला आधीच सगळं कळलेलं. तो कामावर असताना राहायचा त्या खोलीतली पोरं सकाळी भेटायला येऊन गेली होती. मी चादर बदलत होते, तो छताकडे बघतच म्हणाला, "बाय, काल माझ्यासाठी भांडलस म्हणे." मी म्हटलं, "हरलो आपण." "ता कळला," तो म्हणाला. मग विचारलंन, "आमच्या बाजून किती हात वयर गेले?" मी उशी सारखी करत म्हटलं, "होते की. बऱ्यापैकी होते." तर बाई, त्याचा चेहरा असा काही निवला. "मगे बरा," म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने स्वतःहून पाणी मागून घेतलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. तुमच्या त्या दोन खोल्याही आता नाहीत असं ऐकते. पण तुम्हाला खरं सांगायलाच हवं. हात वर करताना मी डोळे गच्च मिटून घेतले होते. माझ्याखेरीज आणखी कुणाचा हात वर होता का, ह्यांचा तरी होता का, मला माहीत नाही. हे आत्ता आतल्या खोलीत बातम्या बघतायत, मधे नुसता एक दरवाजा आहे. काल गव्हर्नरासारख्या माणसाला मी दोन प्रश्न विचारले, बाई, आणि इथे मला हा एक विचारवत नाही.